घरी केलेला गळ: काठी कशाची, तंगूस कुठला, खर्च किती? आपापले अनुभव सांगा

खाडीकाठ:

मंडळी, परवा गावच्या घरी माळा साफ करत होतो तेव्हा वाशाला आडवी बांधून ठेवलेली माझी जुनी गळाची काठी सापडली. चिवारीची म्हणजे बारीक बांबूची आहे, साडेनऊ फूट, धुराने काळी पडलेली, शेंड्याचं हातभर टोक नंतर जोडलेलं आणि मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पट्टी आता हाताला चिकटते पण काठी अजून सरळच्या सरळ. 1994 ची ही. तेव्हा मी सातवीत, घर चिपळूणच्या खाली वाशिष्ठीला भरतीचं पाणी चढतं त्या पट्ट्यात, आणि जवळ गणपतीत आत्याने हातावर ठेवलेले वीस रुपये. काठी परसातल्या बांबूच्या बेटातली म्हणजे फुकट, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) सहा रुपयांचा, गऱ्या म्हणजे माशाचे आकडे आठ आण्याला एक अशा चार, आणि शिशाच्या गोळ्या शेजारच्या काकांनी फाटक्या पागातून (फेकायच्या जाळ्यातून) काढून दिल्या. झाले आठ रुपये.

आमच्या नदीत मगरी आहेत हे तुम्हाला माहीत असेलच, म्हणून घरच्यांची अट एकच होती की पाण्यात पाय घालायचा नाही, बांधावरूनच काय ते कर. त्यामुळे काठी लांब लागायची. आणि लांब काठीचा शेंडा बारीक असतो, तिथेच माझी पहिली चूक झाली. मी तंगूस फक्त शेंड्याला बांधला होता, दोन गाठी मारून. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तांबोशी लागली, मी घाईने काठी सरळ वर उपसली आणि शेंडा कट्कन तुटला. तुटका शेंडा, तंगूस, गरी आणि मासा सगळं एकदम गेलं. तो हातभर तुकडा पाण्यावर आडवातिडवा नाचत गोवळकोटच्या बाजूला जाताना दिसत होता आणि मी बांधावर नुसता उभा. रडलो मी तेव्हा, खरंच.

शेजारच्या काकांनी दुसऱ्या दिवशी शिकवलं ते आजपर्यंत सोडलं नाही: तंगूस मुठीजवळच्या पेराला बांधायचा, तिथून काठीला सैलसे वेढे देत शेंड्यापर्यंत न्यायचा, प्रत्येक दोन-तीन पेरांवर दोऱ्याने आवळायचा, आणि शेंड्याला फक्त एक वेढा. मग शेंडा तुटला तरी मासा तुमच्या मुठीलाच बांधलेला असतो.

आता मुलगा नऊ वर्षांचा आहे, ही काठी बघितल्यापासून मागे लागलाय. त्याच्या मित्राकडे बाराशेचा विकतचा सेट आहे. मी त्याला म्हटलं आपण दोघं मिळून करू, दोनशे रुपयांत. तर तुम्ही कशाची काठी केलीत, कुठे मोडली, कशाने टिकली, किती पैसे गेले, सगळं लिहा. फसलेलं तर आवर्जून लिहा, ते जास्त कामाचं असतं.

माणगावाला:

मस्त विषय काढलात दादा. मी कुडाळच्या बाजूचा, आमच्या घरामागे माणग्याची तीन बेटं आहेत त्यामुळे काठीवर माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे.

बांबू म्हणजे बांबू असं नसतं. कळक जाड आणि आतून पोकळ, मांडवाला चांगला, गळाला नाही. मेस भरीव असते आणि मजबूत पण जड, तासाभरात मनगट दुखायला लागतं. चिवार बारीक, चिवट, पोरांच्या काठीला उत्तम. आणि आमचा माणगा जवळपास भरीव, पेरं लांब, गाठी फारशा वर आलेल्या नाहीत, सरळ वाढतो. मी माणगाच घेतो. काठी निवडताना आजोबा एकच वाक्य म्हणायचे, "झिला, शेंडो कसो वळता ता बघ, बूड बघू नको." शेंडा हातात धरून हळूच वाकवायचा, एका जागी कोन झाला तर ती काठी सोडून द्यायची, आणि हळूहळू गोल वळत मधल्या पेरांपर्यंत बाक गेला तर तीच घ्यायची.

कोवळी काठी कधीच तोडू नका. पहिल्या वर्षाची दिसायला हिरवीगार आणि सरळ असते पण वाळली की सुरकुतते. तीन वर्षांची घ्या, तिच्यावरची पांढरी पूड गेलेली असते आणि बोटाने वाजवली की टणक आवाज येतो. पाऊस संपून थंडी पडली की तोडायची. अमावस्येच्या आसपास तोडली की भुंगा लागत नाही असं आमच्याकडे सगळे मानतात, मीही तेव्हाच तोडतो. पण खरा फरक पडतो तो पाण्याचा. तोडलेल्या काठ्या वहाळात दगडाखाली दोन-तीन आठवडे बुडवून ठेवल्या की आतला गोडवा पाण्यात उतरतो, आणि भुंगा येतो तो त्या गोडव्यालाच. मग सावलीत, उन्हात नाही, दोरीने शेंडा वर आणि बुडाला दगड बांधून महिनाभर टांगायच्या.

आता वाकडी काठी सरळ करणं. हे मी स्टोव्हवर करायचो. जिथे बाक आहे ते पेर ज्योतीपासून चार बोटं वर धरून सतत फिरवायचं. थोड्या वेळाने सालीवर तेलासारखे बारीक थेंब येतात, भाजलेल्या मक्यासारखा वास सुटतो, आणि साल हिरवट-पिवळ्याची किंचित तपकिरी व्हायला लागते. नेमकं तेव्हा काढून गुडघ्यावर उलट्या बाजूला दाबायचं आणि तसंच दाबून ओल्या फडक्याने पुसायचं. चर्र होतं आणि काठी तशीच राहते. तपकिरीचं काळं होऊ दिलंत तर ती तिथेच मोडणार, माझ्या पहिल्या दोन तशाच मोडल्या. ओल्या काठीवर हे करू नका, आत वाफ कोंडून पेर फटाक्यासारखं फुटतं, तोंडाजवळ धरलेलं असतं ते. खर्च शून्य. रॉकेल मिळत नाही आता तर गॅसवर करतो, घरचे ओरडतात वासाला.

भीमाकाठी:

उजनीच्या पाण्यावरचा मी, भिगवणच्या जवळ. आमच्याकडे बांबू परसात नसतो दादा. लहानपणी आम्ही निरगुडीची फोक घ्यायचो. ओढ्याच्या कडेला भरपूर असते, सरळ फोक बघून तोडायची, पानं ओरबाडायची, झाली काठी. टिकत नाही, वाळली की ठिसूळ होते, पण पंधरा दिवस चालते आणि नंतर नवी तोडायची. चिलापीला (तिलापिया मासा) तेवढी बास. चिलापी तोंडात घेऊन लगेच सोडते त्यामुळे जड काठीवर कळतच नाही, फोकेवर मात्र मनगटाला लगेच कळतं.

भेंड, म्हणजे तंगसावर तरंगणारा तुकडा म्हणाल तर तुटक्या स्लिपरचं. बोटाएवढा तुकडा कापायचा, मधून तापवलेल्या खिळ्याने भोक पाडायचं, तंगूस घालायचा आणि भोकात खराट्याची काडी खुपसायची म्हणजे भेंड वरखाली सरकवता येतं. खोली बदलायची तर काडी काढायची, सरकवायचं, परत खुपसायची. थर्माकोल वापरू नका, कुरतडून त्याचे दाणे पाण्यावर पसरतात, धरणाच्या कडेला आधीच काय कमी कचरा आहे.

आमिष कणकेचं, त्यात चिमूटभर हळद आणि थोडं बेसन, घट्ट मळायचं आणि तेलाचा हात लावायचा नाही. राहू-कटल्याला शेंगदाण्याची पेंड घालायची. गांडूळ, आम्ही काडू म्हणतो, ते पावसाळ्यात. उन्हाळ्यात मिळालं तर शेणखताच्या ढिगाखाली.

एक सांगायचं राहिलं. धरणातली मासेमारी बऱ्याच ठिकाणी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, काठावर विचारून बसा. पोरं गळ टाकून बसली तर आमच्याकडचे कोणी काही बोलत नाहीत, उलट कुठे बसायचं ते सांगतात, पण विचारलेलं बरं असतं.

डोंगरवाट:

मी पुण्याची, आणि घरात मासे मारणारं कोणीच नाही, त्यामुळे मला हे सगळं चुकत माकत शिकावं लागलं. माझी काठी तंबूच्या मोडक्या पोलची आहे. ट्रेकला नेतो त्या स्वस्त तंबूचे फायबरचे पोल, त्यातला एक तुकडा चिरला की पूर्ण पोल लोक टाकून देतात. मला ग्रुपमधल्या एकाने चार तुकडे असेच दिले. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला स्टीलची नळी असतेच त्यामुळे जोडायचा प्रश्न नाही, आतलं इलॅस्टिक काढून टाकलं. तीन तुकडे जोडले, पण सगळे एकाच जाडीचे म्हणून शेंडा वळेचना, नुसता दांडका. मग बुरूड आळीत जाऊन एक बारीक बांबूची काठी तीस रुपयांना आणली, तिचा वरचा तीन फुटांचा शेंडा कापला, बूड तासून शेवटच्या नळीत बसेल एवढं केलं आणि अॅराल्डाइटने चिकटवलं. आता खालचं फायबर आणि वरचा बांबू, आणि बाक छान येतो.

फायबर कापताना किंवा घासताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, आणि पाणी मारत घासा. मी पहिल्यांदा कोरडं घासलं, बारीक काचेचे कण बोटात गेले आणि चार दिवस भांडी घासताना जीव नकोसा झाला.

कड्या सेफ्टी पिनेच्या केल्या. पिनेचं गोल वेटोळं असतं ना, तेच कडीचं भोक. टोक आणि डोकं कापून दोन्ही पाय पसरवून चपटे ठोकायचे म्हणजे काठीवर नीट बसतात. मग दोऱ्याने बांधायचं, आणि इथे मी आठ दिवस घालवले कारण गाठ मारली की तिचा उंचवटा राहतो आणि तंगूस त्यात अडकतो. शेवटी एका बाईंनी, पैठणीला गोंडे करतात त्या, त्यांनी दाखवलं. दोरा एकाशेजारी एक असा घट्ट गुंडाळत जायचा, शेवटचे सात-आठ वेढे राहिले की वेगळ्या दोऱ्याचा एक फासा काठीवर आडवा ठेवायचा आणि त्याच्यावरून ते वेढे घ्यायचे. मग मूळ दोऱ्याचं टोक त्या फाशात ओवायचं आणि फासा ओढून काढायचा, टोक आपोआप वेढ्यांच्या खाली ओढलं जातं. गाठ नाहीच. वरून पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. पहिल्यांदा ते टोक सुळकन आत गेलं तेव्हा मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या.

एकूण खर्च: बांबू 30, पिना 10, अॅराल्डाइटचं छोटं पाकीट, शिलाईचा दोरा घरातला, मुठीला क्रिकेट बॅटची ग्रिप 40. दीडशेच्या आतच आहे. रील नाही, तंगूस खडकवासल्याच्या बाजूला मैत्रिणीच्या शेततळ्यात पुरतो तेवढाच ठेवलाय.

सेफ्टी पिनेत एक दोष आहे तो सांगते. पावसाळ्यानंतर गंज चढतो आणि गंजलेल्या कडीवर तंगूस खरवडून कमकुवत होतो. दर हंगामात पिना बदलते.

वरळीकर:

काठीच कशाला पाहिजे? हे चिडवायला नाही म्हणत, खरंच विचारतोय. आमच्याकडे समुद्राच्या कठड्यावरून गरवतात त्यातल्या निम्म्या लोकांच्या हातात काठी नसते, बाटली असते. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, कडक प्लास्टिकची, तिच्यावर चाळीस मीटर तंगूस नीट गुंडाळा, टोकाला वजन, त्याच्या वर वीतभरावर गरी. फेकताना बाटलीचं तोंड पाण्याकडे करायचं आणि दुसऱ्या हाताने वजन गोफणीसारखं फिरवून सोडायचं. तंगूस बाटलीवरून अडथळा न होता सुटत जातो, बाटली फिरत नाही. विकतच्या रीलचं पुढचं चाक हेच काम करतं, तेही फेकताना फिरत नाही, तंगूस नुसता त्याच्यावरून सुटतो. मी पंचवीस मीटर सहज टाकतो.

वजन म्हणून जुना स्पार्क प्लग. गॅरेजवाला मूठभर फुकट देतो. खडकात अडकतोच, शिसं असतं तर दर वेळी पैसे गेले असते. प्लग बारीक दोऱ्याने बांधा, मुख्य तंगसापेक्षा कमजोर, म्हणजे अडकला तर प्लगच तुटतो, गरी-मासा वाचतो.

बोटाला मात्र जपा. मोठा मासा लागला आणि तंगूस बोटाला गुंडाळलेला असला तर तो कापतोच. माझ्या उजव्या तर्जनीवर ती रेघ आहे अजून. कातड्याचा जुना हातमोजा नाहीतर सायकल ट्यूबचं टोपण घाला. आणि पावसाळ्यात उधाणाच्या दिवसांत कठड्यावर जाऊच नका, कोणीही काहीही सांगो.

खाडीकाठ:

वरळीकर, बाटलीचं डोक्यातच आलं नव्हतं, पोराला हे आधी शिकवतो. डोंगरवाट ताई, तो फाशाचा प्रकार मी काल रात्री करून बघितला, तिसऱ्या वेळी जमला. आमच्या काकांची गाठ उंचच असायची, पण त्यांच्या काठीला कड्या नव्हत्या त्यामुळे चालून गेलं.

झाडीपट्टी:

राम राम मंडळी. मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडे मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव भरपूर, कोहळी लोकांनी जुन्या काळात बांधलेले, आणि त्या प्रत्येक तलावाच्या पाळीवर संध्याकाळी एक तरी गरीवाला बसलेला दिसतो. वडिलांची काठी बांबूची, बारा फूट. कमळाच्या पानांच्या पलीकडे मरळ असतो, पानांत पाय टाकला की तो पळतो, म्हणून एवढी लांब. मरळासाठी तंगूस जाड लागतो. तो लागला की खोल जात नाही, देठांत शिरतो, त्याला लगेच वर उचलावा लागतो. बारीक तंगूस देठांत तुटतो. वडील 50 नंबर वापरत. गरीला जिवंत बेडकी लावत पण मला ते बघवत नसे, मी कोंबडीच्या आतड्याने करतो, तेवढंच लागतं.

बांबूचं एक सांगतो, शहरातल्यांना माहीत नसतं. 2017 मध्ये कायदा बदलला, वनाबाहेरचा बांबू आता झाड धरत नाहीत, त्यामुळे शेताच्या बांधावरचा स्वतःचा बांबू तोडायला पूर्वीसारखी अडचण नाही. पण जंगलातला तोडायचा नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार 2011 मध्ये मिळाला, त्यासाठी त्यांनी किती वर्षं झगडलं ते आम्ही जवळून ऐकलंय. अशा गावातून एक काठी घ्यायची तर पैसे देऊन घ्या, गावाला त्याचा उपयोग होतो. बुरडाकडे घेतली तर तो स्वतःच पारखून देतो. मी काठी सांगितली की बुरड काका विचारतात, "राहूची का मरळाची?" आणि त्याप्रमाणे वेगळी काढून देतात.

सुकती:

गोंयहून नमस्कार. पेडण्याच्या बाजूला खाडी आहे आमची. घरची काठी माडाच्या झावळीच्या दांड्याची करून बघितली होती, तासून तासून, कारण फुकट मिळते. नाही जमत. वाळली की मधून तंतू सुटतात. शेवटी चिवारच.

रील मात्र मी लाकडाची केली. पतंगाची आसारी असते ना, तिचीच लहान आवृत्ती, दोन्ही बाजूला फणसाच्या लाकडाच्या चकत्या, मध्ये सायकलच्या जुन्या हबचा अॅक्सल बेअरिंगसकट. भंगारवाल्याने हब पन्नासला दिला. काठीच्या बुडाला दोन जी आय तारेच्या पट्ट्यांनी आवळली. फेकता येत नाही, पण मासा खेचायला आणि तंगूस सोडायला छान. चोणक लागला की तो एकदम धावतो, पाण्याबाहेर उडी मारतो, तेव्हा अंगठ्याने चकती दाबून धरायची, सोडायची, दाबायची. अंगठा तापतो.

भरतीसाठी आजी तिथी मोजायची. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहा. आमच्याकडे त्याच्यापेक्षा जरा आधीच भरते पण अंदाज बरोबर येतो. पाणी चढायला लागल्यावर पहिला दीड-दोन तास सगळ्यात चांगला. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, पाणी फारसं हलत नाही, घरी बसा.

मानशीच्या (खाडीच्या बांधातली पाण्याची झडप) तोंडावर गरवू नका हं. मानशीचा लिलाव झालेला असतो, तिथले मासे लिलाव घेणाऱ्याचे. पलीकडे बांधावर बसायला कोणी अडवत नाही.

बर्फातला_कोकणी:

मी मूळचा देवगडचा, सध्या म्युनिकजवळ. इथे काठी फुकट मिळते पण ती पाण्यात टाकायची परवानगी महाग. बायर्नमध्ये (म्युनिक ज्या राज्यात आहे ते) आधी कोर्स, मग 60 प्रश्नांची परीक्षा, मग परवाना, आणि त्यावर त्या त्या तळ्याचा वेगळा पास. माझे सगळे मिळून दोनशे युरोंच्या वर गेले, जर्मनमध्ये माशांच्या हाडांची नावं पाठ केली मी. पण त्या परीक्षेने एक चांगलं शिकवलं: कुठला मासा किती सेंटिमीटरच्या आत धरायचा नाही आणि कुठल्या महिन्यांत अजिबात धरायचा नाही. गावाकडे वलगणीचे मासे, पहिल्या पावसात चढणीला पोटात गाभोळी घेऊन येणारे, आम्ही पोत्याने धरायचो. आता गावी गेलो तरी मला ते धरवत नाहीत.

काठी हेझल नावाच्या झाडाची केली. इथल्या मुलांची जुनी पद्धतच ती, हिवाळ्यात सरळ फांदी तोडायची, साल तशीच ठेवून दोन महिने सुकवायची. आपल्या चिवारीपेक्षा मऊ, लवकर वाकून राहते, म्हणून वापरून झाली की उभी टांगून ठेवतो. शेजारचे आजोबा बघायला आले, त्यांनी काठी वाकवून शेंडाच बघितला आधी. माणगावाल्यांच्या आजोबांचं वाक्य वाचून ते आठवलं.

पाइपवाला:

मी वायरिंगच्या 20 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपची केली होती. उन्हात तापला की लोंबतो, मासा लागला की नुसता कमान करून उभा राहतो, जोर लागतच नाही. फसलं. आता तोच पाइप हातभर कापून मूठ केलीय आणि आत काठी घालून एमसीलने भरलीय. पाइपचा तेवढाच उपयोग. कार्बनचा जुना रॉड कोणी दिला तर घ्या पण विजेच्या तारांखाली नेऊ नका, त्यातून वीज जाते. ओल्या बांबूतूनही जाते.

खंड्या:

सगळं वाचलं, फार छान वाटलं. मी कधी गळ केला नाही, नवरा करायचा, मी बरोबर जायचे पक्षी बघायला. त्यामुळे माझा अनुभव उरलेल्या तंगसाचा आहे.

आमच्या तळ्याच्या कडेला बाभळीवर एक खंड्या लटकलेला दिसला होता. लांबून वाटलं बसलाय. जवळ गेलो तर पंखाभोवती तंगूस, चार-पाच वेढे, आणि फडफडून फडफडून तो इतका थकला होता की आम्ही हात लावला तरी चोच उघडून नुसता बघत राहिला. नवऱ्याने शर्ट काढून त्याच्या डोळ्यांवर टाकला आणि मी केसांच्या पिनेने एक एक वेढा सोडवला. शेवटचा मांसात रुतला होता तो नखं कापायच्या कात्रीने कापला. सोडला तर हातभर उडाला, खाली पडला, परत उडाला आणि पलीकडच्या काठावर गेला. पुढे काय झालं त्याचं ते कळलं नाही.

त्यानंतर नवरा खिशात काड्यापेटीची रिकामी पेटी ठेवायचा, वीतभर तुकडा का असेना, त्यात कोंबून घरी. नायलॉन कुजत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो. स्वस्तातला गळ करतो तेव्हा तंगूस जुना, गाठी मारलेला असतो आणि तोच जास्त तुटतो, म्हणून इथे लिहिलं. काठी जुनी चालेल, तंगूस दर वर्षी नवा घ्या, सगळ्या खर्चात तो एकच पैसा वाचवू नका.

आणि खाडीकाठ दादा, मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणालात म्हणून सांगते, गरीचा जो उलटा काटा असतो ना तो पकडीने चेपून टाका. मासा निसटेल एखादा, पण पोराच्या बोटात गेली तर आली तशी निघेल. काटा शाबूत असेल तर दवाखाना ठरलेला.

निळाशार:

खंड्या ताईंच्या मुद्द्याला जोडून गाठीचं. तंगूस बहुतेक वेळा गाठीतच तुटतो. गरीच्या डोळ्यातून ओवून स्वतःभोवती पाच-सहा पीळ द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीत घाला, आणि आवळायच्या आधी जिभेने ओलं करा. कोरडं आवळलं की घासून तापतो आणि तिथेच कमजोर पडतो. शिशाची गोळी दाताने दाबायची सवय असेल तर मात्र आजच बंद करा, पकड घ्या.

खाडीकाठ:

मंडळी, झाली काठी. काल रविवार लावला. चिवार गावाहून आणलेली होतीच, माणगावाल्यांनी सांगितल्याप्रमाणे मधला बाक गॅसवर काढला. थेंब आले, वास आला, पोरगं ओरडलं "बाबा आता!" आणि बरोबर तेव्हाच काढली. आठ फूट ठेवली, त्याला झेपेल एवढी. तंगूस 40 नंबरचा नवा 60 रुपये, गऱ्या पाकीट 30, काटे चेपून घेतले. बॅटची ग्रिप 40, नेलपॉलिश बायकोचं. भेंड स्लिपरचं. एकशे तीस झाले. तंगूस मुठीपासून नेलाय, ती शेवटची गाठ त्याच्याकडूनच मारून घेतली आणि का ते त्याला सांगितलं, गोवळकोटकडे गेलेल्या शेंड्याची गोष्ट. त्याने विचारलं तो शेंडा सापडला का मग.

आज सकाळी सप्तमी, म्हणजे पाण्याचा हिशोब सव्वापाचचा, अंधारातच जाऊन बांधावर बसलो दोघं. दोन तासांत एक काळुंद्र, तळहाताएवढं. त्याने स्वतः सोडवलं गरीवरून आणि मग बराच वेळ हाताचा वास घेत होता. परत सोडलं त्याने, मी काही बोललो नाही.

आता एकच अडचण आहे. शेंड्याजवळचे दोऱ्याचे वेढे पाण्यात भिजून सैल झालेत, नेलपॉलिश दोन हात लावूनही. वर आणखी काय लावू?

डोंगरवाट:

दोरा कॉटनचा वापरलात का? तो भिजला की फुगतो आणि वाळला की सैल पडतो. काढून टाका, पॉलिस्टरचा शिलाईचा घ्या, आणि नेलपॉलिश काठी आडवी धरून सतत फिरवत लावा म्हणजे एका बाजूला थेंब जमत नाही. पहिला हात पूर्ण एक दिवस वाळू द्या मगच दुसरा.